अप्पांच्या नावावरची टाळी

मला नोकरीत ज्यांनी ठेवलं त्यांचं नाव मन्मथप्पा. ते साहेब नव्हते, पुढारी नव्हते, कुठल्या पुढाऱ्याचे मेहुणेही नव्हते. लातूरच्या गोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेत, त्यांचं दोराचं दुकान होतं. नाव आधी लिहून टाकतो. पुढं लिहिता लिहिता मी घाबरून थांबलो, तर निदान तेवढं तरी कागदावर आलेलं असावं.

घाबरण्याचं कारण आहे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, बिलोलीकडचा, तेलुगू मुलखाच्या शिवेवरचा. लातुरात एका ऑफिसात शिपाई आहे. ऑफिस कोणतं ते लिहीत नाही. नोकरी अजून चालू आहे.

मी आलो तेव्हा लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं. बोर्ड रंगवून झाले, खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही. गावाकडं आमची विहीर आटली होती. घरी आई, बायको आणि दोन लेकरं. मी रोजंदारीवर लागलो होतो. रोजंदारी म्हणजे काय, तर साहेबांनी वर बघितलं तर आज आहे, नाही बघितलं तर उद्या नाही.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसच्या विहिरीसाठी दोर आणायला पाठवलं. गोलाईत विचारत विचारत अप्पांच्या दुकानात गेलो. दारात दोराची वेटोळी, बादल्या, रहाटाची चाकं. गादीवर एक सडसडीत म्हातारा बसलेला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, बंडी, डोक्यावर टोपी.

"किती हात?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनी दोर आणाय सांगितलाय."

"ते कळलं. हीर किती हात हाय?"

"ठाव न्हाई."

"पाणी कुठवर हाय?"

"ते बी ठाव न्हाई."

अप्पांनी शेजारच्या भांडेवाल्याला हाक मारली. "बघा हो! सरकारी माणूस दिसतोय. पाणी कुठं हाय म्हाईत न्हाई अन् दोर घ्यायला निघालाय."

भांडेवाला मनमोकळा हसला. मला मात्र रडू फुटायचं बाकी राहिलं. अप्पांनी ते बघितलं. चपला घातल्या, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलं आणि माझ्याबरोबर ऑफिसात आले. दोराला धोंडा बांधून विहिरीत सोडला. बावन्न हातांवर धोंडा टेकला. वर ओढला तर कोरडा ठणठणीत.

"हितं दोर नको," अप्पा म्हणाले, "हितं देव पायजे." आणि न विकलेला दोर खांद्यावर टाकून निघून गेले. त्या विहिरीसाठी दोर खरेदीची फाईल मात्र पुढं आठ महिने चालली.

त्या दिवसापासून मी त्यांचा 'बिलोली' झालो. खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "ए बिलोली, कुठं झोपून राहिलास?" त्यांनी एकदा विचारलं. मी स्टँडवर झोपतो म्हटल्यावर दुकानाचा माळा दाखवला. काथ्याच्या वासात, दोराच्या वेटोळ्यांवर मी दोन वर्षं झोपलो. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकरी आणि शेंगाची चटणी यायची. घरची मंडळी आपसात कानडी बोलायची, मी आईच्या तोंडची तेलुगू मिसळून बोलायचो. अप्पा म्हणायचे, "आपलं दोघांचं मराठी मिळून एक होतंय. चालतंय."

दोराच्या धंद्यामुळं अप्पांना दुष्काळ आधी कळायचा. गिऱ्हाईक जेवढा लांब दोर मागेल तेवढं पाणी खाली गेलेलं. "औशाकडचं गिऱ्हाईक दहा हात जास्त मागून राहिलंय," ते एखाद्या दुपारी सांगायचे. महिन्याभरानं तीच गोष्ट साहेबांच्या टेबलावर टाइप होऊन यायची, वर 'गोपनीय' लिहून.

पण अप्पांची लातुरातली खरी इज्जत दोरामुळं नव्हती. गाण्यामुळं होती. ते गात नव्हते. वाजवत नव्हते. ऐकत होते. ऐकण्यावर माणसाला इज्जत मिळते हे मी लातुरातच पहिल्यांदा बघितलं.

निजामाच्या काळापासून त्या गावात गाण्याच्या बैठकी होत. हैदराबादेकडून गवई येत, व्यापाऱ्यांच्या माडीवर गात. तिथं टाळीची रीत नव्हती. दाद द्यायची ती मानेनं, डोळ्यानं, फार तर तोंडातल्या तोंडात एखादा शब्द. अप्पा त्याच रीतीत मुरलेले. टाळीचं नाव काढलं की म्हणत, "टाळी दोनच जागी. एक आरतीला, दुसरी जोंधळ्यावरची पाखरं उठवायला. गवई काय पाखरू हाय का हुसकावून लावायला?"

अप्पांच्या दादेला पायऱ्या होत्या. गाणं बरं चाललं असेल तर ते नुसतं "हं" म्हणायचे. चांगलं चाललं तर डावा डोळा मिटायचे. आणि गवयाचा आवाज खरोखर कुठं खोल जाऊन टेकला, तर बंडीच्या खिशातून हातभर सुतळी काढून तिला एक गाठ मारायचे. शेजारच्याला हळूच सांगायचे, "पाणी लागलं." गाणं संपलं की ती सुतळी घेऊन गवयाकडं जायचे आणि त्याच्या हातात ठेवायचे. कुणाच्या सुतळीला एक गाठ, कुणाच्या तीन. पाच गाठींची सुतळी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. पुष्कळ गवयांना एकही गाठ नसलेली कोरी सुतळी मिळे. पुण्याच्या एका तरण्या गवयानं फार भरभर ताना घेतल्या आणि कोरी सुतळी हातात आल्यावर विचारलं, "हे काय?"

अप्पा म्हणाले, "दोर लई सोडलाव बाबा. पर बादली वरच्या वर हेलकावून राहिली. पुन्हा या."

जिल्हा झाला तसे साहेब आले, आणि साहेबांबरोबर संस्कृती आली. म्हणजे संस्कृतीची एक समिती झाली. तिचं सगळं काम आमच्या नाझरसाहेबांकडं. खुर्च्या, हार, साहेबांच्या बंगल्यातले पंखे बघणारा माणूस, त्यात गाण्याची भर पडली. बिचारे पुण्याकडचे, सदा घामेजलेले. समितीच्या उद्घाटनाला मोठ्या साहेबांचे साडू गायले. कसे गायले ते मी सांगू शकत नाही, नोकरीचं वर सांगितलंच आहे. अप्पा उठले आणि कोरी सुतळी घेऊन निघाले. नाझरसाहेबांना सुतळीची रीत एव्हाना कळली होती. त्यांनी अप्पांना वाटेतच गाठलं, "द्या, मी देतो," म्हणून सुतळी घेतली, पडद्यामागं जाऊन तिला स्वतःच्या हातानं सात गाठी मारल्या आणि साडूंना नेऊन दिली. साडू खूश. मोठे साहेब खूश. दोघंही अप्पांचे आभार मानायला आले. अप्पांनी सुतळी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"गाठी माझ्या न्हाईत," ते म्हणाले. "ही फायलीची गाठ हाय. सुटतबी न्हाई अन् काही बांधतबी न्हाई."

साडूंना ते कौतुकच वाटलं. नाझरसाहेबांना नाही वाटलं.

टाळी लातुरात आली ती मोठ्या साहेबांच्या हातून. एका कार्यक्रमात तबलजीनं एक जोरकस तुकडा तीनदा वाजवून समेवर आणून आपटला. मोठ्या साहेबांना टँकरच्या मीटिंगला जायचं होतं. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली म्हणून नाझरसाहेबांनी, नाझरसाहेबांनी वाजवली म्हणून कारकुनांनी आणि मग सगळ्यांनी. गायचं मध्येच राहिलं. साहेब उभे राहिले, हसून नमस्कार केला आणि मीटिंगला गेले. नमस्कार गवयाला होता की टाळ्यांना, ते कळलं नाही.

महिन्याभरात गाव टाळी शिकलं. पहिली टाळी कुणाची यावर चुरस लागली. टँकरचे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, पुढच्या रांगेत बसू लागले. गवयानं श्वास घ्यायला तोंड मिटलं की यांचे हात तयार. गोलाईत लोक म्हणत, ज्याची टाळी आधी त्याच्या टँकरच्या खेपा जास्त. खरंखोटं देव जाणे. अप्पा तेवढे टाळ्यांच्या पावसात हात मांडीवर ठेवून बसायचे आणि मागं वळून घरच्या कानडीत दटावायचे, "सुम्मनिरु!" म्हणजे गप राहा. गुत्तेदार एकमेकांना कोपर मारून हसायचे. "अप्पा, हाताला मेंदी लावलीय का?"

मग मुंबईचे एक बडे पाहुणे आले. त्यांच्यासमोर लोकांनी एका गाण्यात अकरा वेळा मध्येच टाळ्या दिल्या. जाताना पाहुणे मोठ्या साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडचे लोक फार उत्साही दिसतात." आणि हसले.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. पहिला विषय टँकर, दुसरा टाळ्या. दुसऱ्याला जास्त वेळ लागला. दुष्काळ निधीसाठी महिन्याभरानं पुन्हा कार्यक्रम होता, पुन्हा तेच पाहुणे. चुकीच्या जागी एकही टाळी पडता कामा नये, असं ठरलं. पण बरोबर जागा कोणती? ते बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाझरसाहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं.

"तू अप्पांकडे राहतोस ना? ते गाठ कशी मारतात, पाहिलंयस?"

"हाव साहेब."

"मग ऐक. कार्यक्रमाला तू स्टेजच्या खांबापाशी उभं राहायचं. नजर अप्पांच्या हातावर. त्यांनी गाठ मारली की तू पांढरा नॅपकिन वर करायचा. चार कोपऱ्यांत आपले कारकून बसवतो. नॅपकिन दिसला की ते टाळी सुरू करतील, बाकीचे त्यांच्यामागे. जाणकाराची पसंती तीच टाळीची जागा. काय?"

मला ते फार हुशारीचं वाटलं.

"अप्पांना कळता कामा नये. नीट पार पडलं तर कायम करायच्या यादीत तुझं नाव मी स्वतः घालतो. चुकलास, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस."

महिनाभर मी नॅपकिन वर करायची सवय करत होतो. माळ्यावर एकटाच. गावाकडून निरोप आला होता की आई दोन कोसांवरून पाणी आणते आणि बायको विचारते, साहेबानं कायम केलं का? मी सांगून पाठवलं, कार्यक्रम झाला की होतंय. कसला कार्यक्रम, ते सांगितलं नाही. टाळीवर नोकरी अवलंबून आहे हे माझ्या आईला पटलं नसतं.

कार्यक्रम सकाळचा ठेवला होता, विजेचा भरवसा नव्हता म्हणून. त्या दिवशी पहाटे अप्पा दुकानात सुतळी निवडत बसले होते. एक लांब घेतली, ठेवली, दुसरी घेतली.

"काय रे बिलोली, तोंड का उतरलंय?"

"काही न्हाई अप्पा."

"भाकर खा. आज मुदखेडच्या बाई हाईत. लई खोल जातेत. उपाशी माणसानं त्यांच्यामागं जाऊ नये, वर येता येत न्हाई."

भाकर मी फडक्यात बांधून बाजूला ठेवली. सांगावं असं तीनदा ओठावर आलं. तीनदा यादी डोळ्यासमोर आली. मी नॅपकिन खिशात घातला आणि निघालो.

मुदखेडच्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. अहमदपूरला एस.टी. बदलून, तानपुरा मांडीवर घेऊन आलेल्या. दुष्काळी गावात कुणाच्या पाण्याला भार नको म्हणून प्यायचं पाणी मुदखेडहून कळशीत बरोबर आणलेलं. हॉल भरला. पहिल्या रांगेच्या मध्ये पाहुणे, शेजारी मोठे साहेब, डाव्या कडेला अप्पा. त्यांना मुद्दाम मानानं पुढं बसवलं होतं. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं.

बाईंनी तोडी राग सुरू केला. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या सकाळी काय झालं ते सांगू शकतो. आवाज हळूहळू खाली उतरू लागला. घाई नाही. एक एक पायरी. हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले. बाई खाली खाली गेल्या, आता याच्या खाली आवाज नाहीच असं वाटलं आणि त्याच्याही खाली एका सुरावर जाऊन त्या थांबल्या. सूर इतका बारीक की ऐकायला श्वास धरावा लागत होता.

अप्पांच्या हातानं सुतळीला गाठ मारली.

मला तिथंच कळलं की काहीतरी चुकतंय. इथं टाळी कशी असेल? पण नाझरसाहेब समोरून डोळे वटारून बघत होते, आणि माझा हात महिनाभर सवय केलेला. नॅपकिन वर गेला.

चार कोपऱ्यांतून टाळ्या फुटल्या. गुत्तेदारांना वाटलं आपण मागं पडलो, त्यांनी दुप्पट जोरात वाजवल्या. हॉल दणाणला. बाई दचकल्या, सूर तुटला. तबलजीनं हात उचलला. बाईंनी तानपुरा हळूच आडवा ठेवला.

टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, "माझं गाणं सुरूबी झालं न्हवतं. तुमचं ऐकणं संपलेलं दिसतंय." आणि उठायला लागल्या.

पाहुण्यांनी या वेळी हसणं लपवलंही नाही. मोठे साहेब लाल झाले. "पहिली टाळी कुणाची?" ते दातओठ खाऊन म्हणाले. "कुणाची? मला नाव पाहिजे."

नाझरसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. माझा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं सुचलंच नव्हतं. पहिल्या रांगेतली सगळी डोकी माझ्याकडं वळली. अप्पांचंही. त्यांनी नॅपकिन बघितला. कोपऱ्यातले कारकून बघितले. मग स्वतःच्या हातातली गाठ मारलेली सुतळी बघितली. त्यांना सगळं कळायला तेवढं पुरलं.

मला वाटलं, गेली नोकरी. खरं सांगायचं तर आईचा, लेकरांचा चेहरासुद्धा आठवला नाही. फक्त एस.टी.चा बिलोलीकडं जाणारा रस्ता दिसला.

अप्पा उभे राहिले.

"माझी," ते म्हणाले. "पहिली टाळी माझी."

अप्पा टाळी वाजवतील हे लातुरात कुणी ऐकूनही घेतलं नसतं. पण नाझरसाहेब सगळ्यात आधी सावरले. नॅपकिनची योजना बाहेर आली असती तर त्यांचंही काही खरं नव्हतं. "होय होय, अप्पांचीच," ते म्हणाले. "मी पाहिलं. हा शिपाई घाम पुसत होता."

बाई अर्धवट उठलेल्या तशाच थांबल्या. "अप्पा? तुमची तीन गाठींची सुतळी माझ्या देवघरात हाय. तुम्ही टाळी वाजवलीत?"

"वाजली, बाई," अप्पा म्हणाले. "हाताचा भरवसा राहिला न्हाई. म्हातारा झालो."

बाईंनी एकदा त्यांच्या हातांकडं बघितलं. मग खाली बसल्या. "मग हात मांडीखाली घेऊन बसा," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा बुडी मारते."

आणि अप्पा, ज्यांच्या हाताकडं बघून गवई घाबरायचे ते अप्पा, पाहुण्यांसमोर, गुत्तेदारांसमोर, दोन्ही हात मांडीखाली घालून पोरासारखे बसले. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

त्यानंतर बाई तासभर गायल्या. कशा गायल्या ते अप्पाच सांगू शकले असते, पण हात मांडीखाली असल्यामुळं गाठ काही मारता आली नाही. डोळे मात्र दोन्ही मिटलेले. डावा आणि उजवा. तशी पायरी मी आधी कधी बघितली नव्हती.

गाणं संपलं. आणि कुणीच टाळी वाजवली नाही. कारकून माझ्याकडं बघत होते, मी नॅपकिन कधीच बुटात कोंबला होता. गुत्तेदार साहेबांकडं बघत होते, साहेब पाहुण्यांकडं, पाहुणे छताकडं. पहिली टाळी कुणाची, हा प्रश्न पुन्हा नको होता कुणाला. सगळा हॉल चिडीचूप. भीतीनं का होईना, नव्या जिल्ह्यानं त्या दिवशी जुन्या रीतीची दाद दिली. बाईंनी त्या शांततेला हात जोडले, डोळे पुसले आणि कळशीतलं पाणी प्यायल्या.

नाझरसाहेबांनी अहवालात लिहिलं की स्थानिक जाणकाराच्या अतिउत्साहामुळं किरकोळ व्यत्यय आला, कर्मचाऱ्यांची वागणूक समाधानकारक होती. यादीत माझं नाव गेलं.

दुकानात आल्यावर मी अप्पांचे पाय धरले. "अप्पा, ती टाळी..."

"सुम्मनिरु," ते म्हणाले. सुतळी खिशातून काढून माझ्या हातात दिली. "ठेव. एका गाठीची सुतळी बाईला कोणत्या तोंडानं देऊ? बाकीच्या गाठी मांडीखाली दबल्या."

"मी खरं सांगतो साहेबांना."

"कुणाला? ज्याला पाणी कुठं हाय ते ठाव न्हाई त्याला?" मग दोर गुंडाळत म्हणाले, "तुझ्या आईला सांग, कायम झालास म्हणून. म्हातारी दोन कोस चालून राहिलीय."

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण ऑफिसात एका कारकुनाला माझ्या जागी आपला पुतण्या हवा होता. त्यानं अर्ज केला. मन्मथप्पांनी उभ्या आयुष्यात टाळी वाजवलेली नाही, हे सगळ्या लातूरला माहीत आहे, तर त्या दिवशी कशी वाजवली? टाळी शिपायाच्या नॅपकिनवर पडली, चौकशी व्हावी. अर्ज फिरत फिरत पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी मोठ्या साहेबांकडं पोचला. त्या दिवशी हॉलमध्ये गवयाकडं कमी आणि अप्पांच्या हातांकडं जास्त डोळे होते. मी दारापाशी उभा.

गाणं संपलं. गुत्तेदारांनी टाळ्या सुरू केल्या. अप्पांनी एकदा मागं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात समोर आणले आणि टाळी वाजवली.

"अरे वा अप्पा!" गुत्तेदारांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आलाव का शेवटी आमच्यात!"

अर्ज दप्तरी दाखल झाला. पण अप्पांची सुटका झाली नाही. एकदा वाजवली म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायला हवी होती, नाहीतर तो अर्ज परत वर आला असता. म्हणून दर कार्यक्रमाला अप्पा यायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. खिशात सुतळी नसायची. गावात त्यांना 'टाळीवाले अप्पा' म्हणू लागले. गवई आता त्यांच्याकडं बघेनात. तरण्या पोरांना तर कधी सुतळीची रीत होती हेच माहीत नव्हतं. अप्पांनी एकदाही कुणाला काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी दर महिन्याला पगार घेतला, गावाकडं विहीर खोल केली, पंचेचाळीस हातांवर पाणी लागलं. त्या विहिरीचा दोर अप्पांच्याच दुकानातून नेला. लांबी मात्र मी आधी मोजून गेलो होतो. अप्पा म्हणाले, "आता शिकलास."

मी त्यांना लातुरात शेवटचं बघितलं ते गेल्या वर्षी. गुडघे गेले होते, दुकान विकलं होतं, दुसऱ्या दिवशी लेक त्यांना उदगीरला घेऊन जाणार होती. कार्यक्रमाला ते दोघांचा आधार घेऊन आले आणि दाराजवळच्याच खुर्चीत बसले. मी दारापाशी ड्युटीवर. गाणारी पोरगी नवीन होती, पण मध्येच एकदा आवाज असा काही खाली गेला की मला मुदखेडच्या बाई आठवल्या. अप्पांचा हात बंडीच्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

गाणं संपलं, टाळ्यांचा नुसता पाऊस. अप्पाही हात हलवत होते. मी जवळ होतो म्हणून मला दिसलं. त्यांचे तळवे एकमेकांना लागतच नव्हते. बोटभर अंतरावर यायचे आणि थांबायचे. लांबून बघणाऱ्याला टाळी, जवळून आवाज नाही. मग वाटलं, किती वर्षं असंच चाललं असेल? त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि डावा डोळा मिटला.

लेकीनं त्यांना उठवलं. गर्दीतून हळूहळू बाहेर नेलं.

सुतळी माझ्याकडं आहे. एकच गाठ. मी ती सोडलेली नाही, नवीन मारलेली नाही. हे सगळं लिहिलं, पण लिहिणं सोपं आहे. नाव न सांगता, ऑफिस न सांगता सातवीत शाळा सोडलेल्यालाही लिहिता येतं. अप्पांचं जे गेलं ते भर हॉलमध्ये गेलं, ते तिथंच परत द्यायला पाहिजे. तेव्हा, अप्पा, हे तुम्हाला कबूल करून ठेवतो. तुमचे कान शाबूत आहेत तोवर, नोकरी राहो न राहो, उदगीरहून तुम्हाला गाडी करून आणीन, त्याच हॉलमध्ये पहिल्या रांगेत डाव्या कडेला बसवीन, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी खांबापाशी उभा राहून मोठ्यानं सांगीन की ती टाळी माझी होती. ऐकून लोक टाळ्या वाजवतील. त्यांना सवयच आहे. तेव्हा मी हात वर करीन, नॅपकिनशिवाय, आणि म्हणेन, सुम्मनिरु.